लेक सप्टेंबरपासून इंग्लंडच्या शाळेत. चार महिन्यांत इंग्रजीचं काय करू?

हळदवाला मिरज

नमस्कार मंडळी. राहायला मिरजेत, कामाला सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या अडतीवर दिवाणजी. आमच्या मिसेस स्टाफ नर्स. नाईट ड्युट्या करत करत दोन वर्षं ओईटीचा, म्हणजे नर्स-डॉक्टरांच्या इंग्रजी परीक्षेचा अभ्यास केला. पहिल्या खेपेला रायटिंगमध्ये अडकल्या, दुसऱ्या खेपेला निघाल्या. नोव्हेंबरात लीड्सला गेल्या, तिथली ओस्की, म्हणजे नर्सिंगची प्रात्यक्षिक परीक्षाही पास झाल्या. आता ऑगस्टमध्ये मी आणि लेक जायचं.

प्रश्न लेकीचा आहे. जन्म डिसेंबर २०११, आत्ताच आठवीची परीक्षा दिली. मराठी शाळा, पाचवीपासून सेमी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी सगळं मराठीतून. इंग्रजीत ८० पैकी ७१ आहेत. पण बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप. परवा व्हिडिओ कॉलवर आईच्या शेजारणीनं तिला काहीतरी विचारलं. ही “येस, येस” म्हणाली, फोन माझ्या हातात कोंबला आणि आत पळाली. त्या बाईनं विचारलं होतं, तुला मांजर आवडतं की कुत्रा?

सांगलीत एका क्लासला जाऊन आलो. ते म्हणाले, बाहेर जायचं म्हणजे आयेल्ट्स (इंग्रजीची परीक्षा) लागतंच, तीन महिन्यांची बॅच, १८ हजार. इकडे आमची आई म्हणते, पोरीला दहावीपर्यंत माझ्याजवळ ठेवा, बोर्डाचा कागद हातात असू दे. आणि डोळ्याला पदर लावते. मला स्वतःला काहीच सुचत नाही. आयेल्ट्स करू का? तिकडे तिला खालच्या वर्गात बसवतील का? दहावी करून न्यावी का? आणि चार महिने घरात नेमकं काय करून घ्यायचं?

कृष्णाकाठची

दादा, मी मूळची वाईची, चार वर्षं शेफील्डमध्ये आहे. तुमच्या लीड्सपासून जवळच. आलो तेव्हा मुलगा तेरा वर्षांचा होता, त्याला इयर नाईनला घातलं.

आधी ते १८ हजार खिशात ठेवा. आईवडिलांच्या व्हिसावर येणाऱ्या पोराला आयेल्ट्स लागत नाही. सरकारी शाळेला फी नाही आणि प्रवेशालाही इंग्रजीची परीक्षा नाही. त्या पैशात इथं चांगला कोट आणि वॉटरप्रूफ बूट येतील, ते आयेल्ट्सपेक्षा जास्त उपयोगी.

वर्ग इथं वयावर देतात, इयत्तेवर नाही. १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असा जन्मतारखेचा हिशेब असतो. तुमची लेक इयर टेनला जाईल. आकड्याला घाबरू नका, इथली मुलं पाचव्या वर्षी इयर वनला जातात, त्यामुळे इयर टेन म्हणजे आपली नववीच. पण इयर टेन आणि इलेव्हन ही जीसीएसईची, म्हणजे इथल्या बोर्डाच्या परीक्षेची दोन वर्षं. परीक्षा इयर इलेव्हनच्या मे-जूनमध्ये. म्हणून आजींना नमस्कार सांगून म्हणते, दहावीसाठी मागे ठेवू नका. दहावी करून आली तर सोळाची होईल, शाळेची दोन्ही वर्षं हुकतील आणि ती एकदम कॉलेजच्या दारात उभी राहील. आत्ता आली तर पहिल्या दिवसापासून सगळ्यांबरोबर सुरुवात.

प्रवेशासाठी आमच्याकडे कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला अर्ज करायचा असतो. राहता पत्ता लागतो आणि जवळची शाळा भरली असेल तर लांबची मिळते. माझा मुलगा पाच आठवडे घरीच होता. मिसेसना आत्तापासून कौन्सिलची वेबसाइट बघायला सांगा.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सला हायस्कूलच्या आधी इंग्रजीसाठी वेगळी सेंटरं आहेत, पोरं तिथं काही महिने काढून मग शाळेत जातात. इंग्लंडमध्ये तसलं काही सहसा नाही. पोर सरळ वर्गात. ज्यांची घरची भाषा इंग्रजी नाही त्यांना ईएएल म्हणतात. आमच्या शाळेत त्यासाठी एक मॅडम होत्या, त्यांनी पहिल्या आठवड्यात बोलून, वाचून, लिहून घेतलं आणि ए ते ई अशा पायऱ्यांपैकी ‘बी’वर ठेवलं. आठवड्याला दोन तास बाहेर काढून शिकवायच्या. बाकी पोहायचं आपलं आपण.

आता खरी गंमत सांगते, कारण हे कुठल्याच क्लासमध्ये सांगत नाहीत. मला वाटलेलं, गणितात तरी त्रास नाही. मुलगा फळ्यापाशी गेला आणि म्हणाला, “फोर इंटू थ्री, ट्वेल्व्ह.” वर्ग गप्प. इथं गुणाकाराला ‘टाइम्स’ म्हणतात आणि ‘थ्री इंटू ट्वेल्व्ह’ म्हणजे बारा भागिले तीन! घरी आला, दप्तर टाकलं आणि म्हणाला, “आई, माझं गणितपण इंग्रजीत चुकतं.” तसंच ‘डाउट’. आपल्याकडे सर, डाउट आहे म्हणजे विचारायचंय. इथं ‘आय हॅव अ डाउट’ म्हटलं तर सरांना वाटतं, पोराचा आपल्यावर विश्वास नाही. लाख-कोटी विसरायचं, मिलियन धरायचं. ‘हाफ थ्री’ म्हणजे साडेतीन, हे मात्र आपल्या पोरांना पटकन बसतं, साडे आहे ना आपल्याकडे!

आपल्या लीड्स-शेफील्डच्या भागाचं, यॉर्कशरचं, आणखी वेगळंच. संध्याकाळच्या जेवणाला ‘टी’ म्हणतात. मित्राकडे टीला बोलावलं म्हणून मी मुलाला पोटभर जेवू घालून पाठवलं, तिथं ताट वाढून तयार. रस्त्यात कुणीही ‘यू ऑलराइट?’ म्हणतं. मुलगा पहिले आठ दिवस विचारायचा, मी आजारी दिसतो का? ते फक्त ‘काय, बरं ना’ असतं. आणि बसची ड्रायव्हर बाई ‘थँक यू, लव्ह’ म्हणाली त्या दिवशी तर कानापर्यंत लाल झाला होता. लेकीला आधीच सांगून ठेवा.

स्पोकनवाला

आयेल्ट्सने पाया पक्का होतो हो ताई. ग्रामरशिवाय कॉन्फिडन्स नाही. दादा, इनबॉक्स करा, मिरजेत घरी येऊन शिकवतो. पहिला डेमो फ्री.

निवृत्त मास्तर, सातारा

स्पोकनवाले, १४ वर्षांच्या पोरीला आलेखाचं वर्णन पाठ करायला लावून कसला पाया? असो.

मी ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं, बहुतेक पाटण आणि कोरेगाव तालुक्यात. तेव्हा तुमच्या ७१ गुणांबद्दल थोडं कडू बोलतो, राग मानू नका. ते गुण मीच दिल्यासारखे आहेत. उताऱ्यातलं वाक्य शोधून उतरवायचं, निबंध गाईडमधला, पत्राचा साचा ठरलेला. पोरगी हुशार आहे हे त्यातून कळतं, तिला इंग्रजी येतं हे कळत नाही.

जिम कमिन्स नावाच्या अभ्यासकानं १९७९ मध्ये एक फरक मांडला, तो मला नोकरीत असताना कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं. मधल्या सुट्टीतलं इंग्रजी वेगळं आणि पुस्तकातलं वेगळं. पहिलं वर्ष-दोन वर्षांत येतं. दुसरं वर्गाच्या बरोबरीनं यायला पाच-सात वर्षंही लागतात. म्हणजे पुढच्या दिवाळीत तुमची लेक मैत्रिणींशी फडाफडा बोलेल, तुम्ही खूश व्हाल, आणि इतिहासाच्या पेपरात तरीही मार खाईल. तेव्हा तिला आळशी म्हणू नका.

तिकडचा प्रश्न एका क्रियापदावर उभा असतो. डिस्क्राइब म्हणजे काय दिसतं ते सांगा. एक्स्प्लेन म्हणजे असं का ते सांगा. कम्पेअर म्हणजे तुलना करा, इव्हॅल्युएट म्हणजे पारखून मत द्या. आपली पोरं चारही ठिकाणी डिस्क्राइबच करतात. ही सवय मोडायला तुमच्याकडे कुठल्याही क्लासपेक्षा भारी सामान आहे, दिवाणजी. हळद! रोज संध्याकाळी दहा ओळी. सोमवारी हळद कशी शिजवतात ते लिहायचं, हे डिस्क्राइब. मंगळवारी का शिजवतात ते. कच्चा वास जातो, रंग सगळीकडे सारखा बसतो, वाळते लवकर. हे एक्स्प्लेन, यात ‘बिकॉज’ आणि ‘सो दॅट’ आलेच पाहिजेत. बुधवारी राजापुरी आणि सेलम समोर ठेवून कम्पेअर. गुरुवारी, शेतकऱ्यानं लगेच विकावी की दरासाठी थांबावं? तिचं मत, आणि कारणं. चुका झाल्या तर होऊ द्या. लाल पेन घेऊन बसू नका, ते पाप माझ्याकडून बरंच झालंय.

आणि सांगलीजवळ हरिपूरला नेऊन तिला हळद साठवायचं पेव दाखवा. पेवाला इंग्रजीत नेमका शब्द नाही. ‘पिट’ म्हटलं तर खड्डा डोळ्यासमोर येतो, धान्याचं कोठार म्हटलं तर जमिनीवरचं. म्हणजे तिला सांगावंच लागेल, जमिनीत असतं, तोंड लहान, पोट मोठं, वर मातीनं बंद, आत हवा नाही म्हणून कीड नाही. शब्द सापडला नाही तर वळसा घालून अर्थापर्यंत जायचं, हेच तिला तिकडे दिवसातून पन्नास वेळा करावं लागणार आहे.

तासगावची पोरगी

मी पंधराव्या वर्षी आले, आता बर्मिंगहॅमला डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काका, तुमची मुलगी कुत्रा-मांजरावर ‘येस’ म्हणाली हे वाचून मी हसले आणि मग थोडं रडले. माझं पण तेच होतं.

मास्तर सरांचं बरोबर आहे, पण ते वर्गाचं झालं. मला मारलं ते आधी कानानं. पुस्तकातलं इंग्रजी मी वाचायचे, इथली पोरं शब्द गिळतात. ‘व्हॉट आर यू डूइंग’ हे ‘वॉचा डूइन’ होऊन येतं. पहिले तीन महिने मी जवळजवळ बोललेच नाही. आईबाबांना वाटलं, पोरगी बिघडली. बिघडले नव्हते, ऐकत होते. तुमची पण गप्प बसली तर बसू द्या.

तीन वाक्यं मात्र झोपेत विचारलं तरी यायला पाहिजेत. ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’ ‘व्हॉट डझ दॅट मीन?’ आणि ‘आय डोन्ट अंडरस्टँड धिस बिट.’ आपल्याला पुन्हा विचारायची लाज वाटते, गावाकडं दोनदा विचारलं की डोकं नाही म्हणतात. इथं विचारलं नाही तर कुणाला कळतच नाही की तुम्हाला कळलं नाही. येस म्हणायचं आधी बंद करा.

दुसरं, शेक्सपिअर. बहुतेक शाळा जीसीएसईला इंग्रजी भाषा आणि साहित्य दोन्ही घेतात. साहित्यात शेक्सपिअरचं एक नाटक, एकोणिसाव्या शतकातली एक कादंबरी, कविता, आणि परीक्षेला पुस्तक जवळ नसतं. कुठलं नाटक आहे ते शाळेत कळलं की आधी त्याची गोष्ट मराठीत ऐकवा. गोष्ट माहीत असली की भाषा अर्धी सोपी होते. (हरिपूरचा विषय निघालाच आहे म्हणून, नाटककार गो. ब. देवल तिथलेच, आणि त्यांनी शेक्सपिअर मराठी रंगभूमीवर आणलाय. तेव्हा परका माणूस नाही तो.) इंग्रजी भाषेत निदान ‘४’ ही ग्रेड नाही पडली तर पुढं कॉलेजातसुद्धा ते मागं लागतं, म्हणून तिकडं जास्त लक्ष.

बीबीसी बाइटसाइज ही शाळेच्या अभ्यासाची वेबसाइट फुकट आहे, आत्ताच सुरू करा. विज्ञानातला तिला येणारा धडा तिकडून इंग्रजीत ऐकायचा. येणाराच. नवीन नको.

डब्याला चपाती-भाजी देऊ नका म्हणून मी आईशी भांडले होते. दोन महिन्यांनी बाकीच्या मुली माझी चपाती मागायला लागल्या. पण ते दोन महिने तिचं ऐका.

हळदवाला मिरज

मंडळी, तीन आठवडे झाले, सगळ्यांचे आभार मानायला आलो. मास्तर, सातारला आलो की पाया पडायला येतो. क्लास लावला नाही. वही घातली. पहिल्या दिवशी दहा ओळींत सात वेळा ‘देन’ होतं. आता ‘बिकॉज’ यायला लागलंय, कधीकधी नको तिथं पण.

रविवारी हरिपूरला जाऊन आलो. पेव आधी तिला माहीतच नव्हतं, माझी पोरगी असून! परवा आईच्या त्याच शेजारीणबाई कॉलवर आल्या. हिनं पळ काढला नाही. म्हणाली, “इट इज अंडर द ग्राउंड. स्मॉल माउथ, बिग स्टमक.” बाई हसल्या, मग त्यांनी विचारलं, पूर आला तर? २०१९ चा पूर तिनं बघितलाय, सात वर्षांची होती. तिला सांगायचं बरंच होतं, शब्द मिळेनात, हातानं पाणी किती चढलं ते दाखवत होती. मध्ये बाईंनी काहीतरी भरभर विचारलं. ही म्हणाली, “सॉरी, कुड यू से दॅट अगेन?” तीनदा म्हणाली. तिसऱ्यांदा कळलं. मी दाराआड उभा होतो.

आईचं अजून पटलेलं नाही. रोज विचारते, तिकडं मराठी शाळा नाहीच का एखादी.

आता एकच डाउट आहे, इथं म्हटलं तर चालतं ना? मिसेसनी तीन किलो कांदा-लसूण चटणी आणायला सांगितलीय. विमानात जाते का?

कृष्णाकाठची

जाते. मोठ्या बॅगेत टाका, आणि एका पिशवीत नको, तीन पिशव्यांत घट्ट बांधा. आमची लंडनच्या विमानतळावर फुटली होती. अख्खा बेल्ट शिंकत होता.