कौटुंबिक ग्रुप : फिफ्थ-व्हीलसाठी ट्रक कोणता घ्यावा?

दादा (डेन्व्हर): काका, नमस्कार. आम्ही निवडलेल्या फिफ्थ-व्हील ट्रेलरचे (ट्रकच्या हौद्यात जोडायचा, आत राहता येणारा ट्रेलर) सामानासहित कमाल वजन १२,००० पौंड आहे. काल पाऊण टनी वर्गातला (हे फक्त वर्गाचे नाव, खरी क्षमता नव्हे) डिझेल ट्रक पाहिला. तो १८,००० पौंड ओढतो असे विक्रेत्याने सांगितले. बयाणा देऊ का?

काका (सॅन अँटोनियो): थांब. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या पट्टीचे स्टिकर असते. माणसे आणि सामान मिळून त्या ट्रकवर किती भार चालेल, ते त्यावर छापलेले असते. त्याचा फोटो टाक.

दादा: टाकला आहे. २,३४० पौंड.

काका: मग हा ट्रक तुमच्यासाठी नाही. फिफ्थ-व्हीलचा पुढचा भार ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर बसवलेल्या हिचवर (जोडणीवर) पडतो आणि तो ट्रेलरच्या वजनाच्या १५ ते २५ टक्के असतो. ट्रकच्या मागे बॉलला (गोळ्याच्या जोडणीला) जोडलेल्या साध्या ट्रेलरचा भार १० ते १५ टक्क्यांवर भागतो. तुझ्या ट्रेलरचे २० टक्के धरले तरी २,४०० पौंड होतात, म्हणजे केवळ पिनच्या (हिचमध्ये अडकणाऱ्या ट्रेलरच्या पुढच्या खिळीच्या) भाराने स्टिकरवरचा आकडा ओलांडला. त्यात हिचचे १५०, तुम्हा चौघांचे ६०० आणि अवजारे, खुर्च्या वगैरेंचे १५० मिळवले की ३,३०० झाले. ओढायला ताकद पुरते, पण पाठीवर घ्यायला जागा उरत नाही.

मी पहिल्या वर्षी हीच चूक केली होती. ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर गाडी उभी केली, तेव्हा मागच्या आसावर मर्यादेपेक्षा ४२० पौंड जास्त निघाले. ती पावती हातात घेऊन मी बराच वेळ गाडीतच बसून होतो, कारण मागच्या सीटवर मुले झोपलेली होती.

वहिनी: काका, डिझेल इंजिन जड असल्यामुळे भाराची मर्यादा कमी होते असे वाचले. मग पेट्रोलचा ट्रक घ्यावा का?

काका: तुझे म्हणणे बरोबर आहे आणि सपाट प्रदेशात मी तोच सल्ला दिला असता. परंतु तुम्ही आय-७० महामार्गावरून डेन्व्हरच्या पश्चिमेच्या डोंगरातल्या आयझेनहॉवर बोगद्यातून जाणार; तो ११,००० फुटांवर आहे. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्क्यांनी घटते, टर्बो डिझेलची फारशी घटत नाही. शिवाय बोगद्यापासून सिल्व्हरथॉर्न गावापर्यंतच्या ७ टक्के उतारावर डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा) चाकांचे ब्रेक तापू देत नाही. म्हणून एक टनी डिझेलच घ्या : फोर्ड एफ-३५०, राम ३५०० किंवा शेवरोले सिल्व्हराडो ३५००. मागे चार चाकांचा ट्रक एवढ्या ट्रेलरला आवश्यक नाही आणि रोजच्या पार्किंगला अडचणीचा होतो.

वहिनी: हौदा साडेसहा फुटी चालेल का? आठ फुटी ट्रक आमच्या गॅरेजमध्ये मावणार नाही.

काका: चालेल, मात्र मागे सरकणारी हिच घ्या, अन्यथा काटकोनात वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेवर येऊ शकतो.

दादा: आज एक टनी, मागे दोनच चाकांचा ट्रक पाहिला. स्टिकरवर ३,९१० आहेत.

काका: ३,३०० वजा जाता ६१० पौंड उरतात. सरकणारी हिच साधीपेक्षा जड असते, तेवढे त्यातून वजा कर. मागच्या आसाची मर्यादा शेजारच्याच लेबलवर असते. तिचाही फोटो पाठव, मग बयाण्याचे ठरवू.