वर्गात विद्यार्थ्यांना विचार करायला लावणारे प्रयोग : प्राध्यापकांचे अनुभव

पदवीच्या वर्गात सलग व्याख्यान देण्याऐवजी आपण काही वेगळे करून पाहिले असेल, तर त्यामुळे विद्यार्थ्यांचे शिकणे खरोखर बदलले का, हे सविस्तर लिहावे, अशी सर्व सहकाऱ्यांना विनंती आहे. साधने कोणती वापरली यापेक्षा विद्यार्थ्यांनी काय विचारले आणि ते नेमके कुठे अडले, हे वाचायला मिळाले तर अधिक उपयोग होईल. सुरुवात माझ्यापासून करतो.

भौतिकशास्त्र, पुणे

हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी रुजवलेली, विद्यार्थ्यांनी एकमेकांना समजावून सांगण्याची पद्धत मी प्रथम वर्ष बी.एस्सी.च्या वर्गात वापरतो. संकल्पनेवरचा एक प्रश्न फळ्यावर लिहायचा, प्रत्येकाने एकट्याने विचार करून उत्तराचे कार्ड उंच धरायचे, मग शेजाऱ्याशी चर्चा करून पुन्हा कार्ड दाखवायचे. सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचे त्वरण किती, या प्रश्नाला बारावीची आणि सीईटीची ढीगभर गणिते सोडवून आलेली मुलेही मोठ्या संख्येने ‘शून्य’ असे उत्तर देतात. मी तेव्हाच बरोबर उत्तर सांगितले, तर ते वहीत उतरते आणि परीक्षेपर्यंत वहीतच राहते. चर्चेत मात्र एका मुलीने शेजारणीला विचारले, “वेगही शून्य आणि त्वरणही शून्य, मग चेंडू खाली येईलच कशाला?” त्या बाकावर मला पुढे काही समजावावे लागले नाही.

हा संवाद मराठीत झाला, याला मी फार महत्त्व देतो. आमचे अध्यापन इंग्रजीत चालते, पण एकमेकांचे म्हणणे खोडून काढताना मुले आपोआप मराठीवर येतात आणि त्यांच्या मनातली खरी समजूत तेव्हाच मला ऐकू येते. अर्थात, पहिल्या फेरीत बरोबर उत्तरे फारच थोडी असतील तर चर्चा पुढे सरकत नाही; अशा वेळी मी तो भाग पुन्हा शिकवतो.

यंत्र अभियांत्रिकी, मुंबई

माझ्या वर्गातही अशी चर्चा चालते, पण हुशार विद्यार्थीच तिच्याविषयी नाराज असतात. “सर, तुम्ही शिकवा, आम्ही लिहून घेतो,” असे ते स्पष्ट सांगतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डमधील एका अभ्यासात भौतिकशास्त्राचे विद्यार्थी सक्रिय पद्धतीच्या वर्गात प्रत्यक्षात अधिक शिकले, तरी आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले, असे दिसून आले होते. ओघवते व्याख्यान ऐकताना सारे समजल्यासारखे वाटते आणि स्वतः झगडताना आपल्याला काहीच येत नाही असे वाटते. म्हणून सत्राच्या पहिल्याच आठवड्यात मी हा अभ्यास विद्यार्थ्यांपुढे ठेवतो आणि त्यावर त्यांना प्रश्न विचारू देतो. नाराजी पूर्ण जात नाही, परंतु विरोध पुष्कळ मावळतो.

रसायनशास्त्र, लातूर

माझा प्रयोग अगदी साधा आहे. तासाच्या आरंभी वही बंद ठेवून मागच्या तासाचे जे आठवेल ते लिहायचे; त्याला गुण नाहीत. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले. माझ्या दृष्टीने या कागदांचा दुसरा उपयोग अधिक मोलाचा आहे. अभिक्रियेची व्याख्या बिनचूक लिहिणारे अनेकजण इलेक्ट्रॉनांचे स्थलांतर दाखवणारा वक्र बाण उलटा काढतात. तो इलेक्ट्रॉनांच्या जोडीपासून निघायला हवा, ते धनप्रभारापासून काढतात. व्याख्या विचारून हा घोळ कधीच दिसला नसता.

गणित, गोवा

मी केवळ प्रश्न विचारल्यावर थांबू लागले. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांच्या निरीक्षणांनुसार शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि ही वाट तीन सेकंदांपर्यंत वाढवली की उत्तरे लांबतात व एरवी गप्प राहणारी मुलेही बोलतात. माझा अनुभव तसाच आहे; ती शांतता सुरुवातीला फार जड जाते, एवढेच.

इतिहास, पुणे

मोठ्या वर्गात चर्चा ठेवली की चारच मुले बोलतात, म्हणून मी आधी प्रत्येकाकडून चिठ्ठी लिहून घेते आणि त्या चिठ्ठ्यांमधून बोलणारे निवडते. १८९७ च्या पुण्यातील प्लेग शिकवताना ‘केसरी’तील मजकूर आणि सरकारी अहवालाचा एक भाग शेजारी शेजारी ठेवून मी विचारले की, हे कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले आणि यात कोणाचा आवाज नाही. रँडच्या वधाची तारीख पाठ असलेल्या मुलांना हा प्रश्न नवा होता. बऱ्याच चिठ्ठ्यांवर एकच उत्तर होते : ज्यांच्या घरांची झडती झाली त्या बायका. त्यांच्याविषयी त्या काळी कोणी लिहिले होते का, असे मुलांनीच विचारले, तेव्हा पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या रुग्णालयातील स्त्रियांच्या हालांविषयी त्याच वर्षी ‘बॉम्बे गार्डियन’ला लिहिलेल्या पत्राविषयी मी सांगितले. ते पत्र अभ्यासक्रमात नाही, पण वाचायचेच असा वर्गाचा आग्रह पडला. पुढचा पूर्ण तास मी त्याला दिला आणि मागे पडलेले प्रकरण टिपणांवरून घरी वाचायला सांगितले.