पॉलिश मारून घरं विकणाऱ्याची कामं घ्यावीत का? नाव माझं जातंय, सल्ला हवा

तिरकीफरशी:
नमस्कार मंडळी. बाथरूम-किचनची कामं घेतो, 14 वर्षं झाली. गेली दोन वर्षं निम्मं काम एकाच पार्टीचं आहे. जुनं घर घ्यायचं, तीन महिन्यांत चकाचक करायचं आणि विकून मोकळं व्हायचं. पैसे मात्र ठरल्या दिवशी देतो, म्हणून तर सुटत नाही.

झालं असं की एका बाथरूममध्ये जुनी फरशी न उखडता तिच्यावरच नवी बसवायला सांगितली. मी म्हटलं, खालचं वॉटरप्रूफिंग गेलंय, नहाणी ट्रॅपभोवती (पाणी निघून जायच्या जाळीखालच्या भांड्याभोवती) ओल आहे, सगळं काढून करू. तर म्हणाला, "गिऱ्हाईक फरशी बघतं, फरशीखालचं कोण बघतंय?" केलं मी. सात महिन्यांनी नव्या मालकांचा फोन, खालच्या घराच्या छताला डाग पडलाय. त्यांना माझा नंबर कुठून मिळाला? तर मी प्रत्येक कामात डक्टच्या, म्हणजे पाइप जातात त्या पोकळीच्या, दाराला आतून माझं स्टिकर लावतो. हौस म्हणा. विकणाऱ्याचं नाव त्या घरात कुठेच नाही, माझं आहे. त्याच इमारतीतली दोन कामं बोलणी होऊन फिसकटली.

पुढे याची कामं घेऊ का? घेतली तर कशी? आणि त्या बाथरूमचं काय करू?

ओळंबा:
आधी बाथरूम. फोनवर बोलत बसू नका, जाऊन बघा. ट्रॅपला बोळा घाला, दोन-अडीच सेंटीमीटर पाणी साठवा, पेन्सिलने खूण करा आणि 24 ते 48 तास हात लावू नका. खालचा डाग वाढला तर तळ गेलाय. काहीच फरक नाही पडला तर पाण्याच्या पाइपलाइनवर संशय घ्या. नळ बंद करून लाइनला दाब द्या आणि दाब मोजायच्या गेजचा काटा उतरतो का ते बघा.

फरशीच्या सांध्यांत ग्राउट (फटी बुजवायचा मसाला) भरून किंवा वरून काहीबाही फासून निघू नका. सांध्यांतून थोडं पाणी झिरपतंच, ते अडवायचं काम खालच्या थराचं असतं. ही ओल सळईपर्यंत गेली की सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि स्लॅबचं कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीट, ढलप्यांनी सुटतं. हे दिसेपर्यंत तुमच्या पार्टीची पुढची तीन घरं विकून झालेली असतील.

दुसऱ्यामजल्यावरची:
मी असं घर विकत घेतलेली बाई आहे, म्हणून लिहिते. ताब्यात घेतलं तेव्हा भिंती आरशासारख्या. चार महिन्यांत कपाटामागे लिंबाएवढा फुगा आला. नखाने दाबला तर पाणी आलं, आणि पोपडा निघाला तशी मागे मिठासारखी पांढरी पूड. ओल्या भिंतीवरच लांबी (पुट्टी) भरून जाड रंग दिला होता, पाण्याला बाहेर यायला वाटच नव्हती.

शिव्या कोणाला घातल्या माहितेय? पेंटरला. विकणाऱ्याचा चेहराही आता आठवत नाही. पेंटर मात्र बोलावल्यावर आला. म्हणाला, मला दहा दिवसांत संपवायला सांगितलं होतं. आधी गळकी लाइन शोधायला लावली, गिलावा खरवडला आणि सहा आठवडे भिंत तशीच उघडी ठेवली. बघवत नव्हतं, पण टिकलं. गेल्या वर्षी बहिणीच्या घराचा रंग त्यानेच दिला.

थापी:
सगळ्यांना एका मापात मोजू नका. मीही एका घेऊन-विकणाऱ्याचं काम करतो. तो आधी वायरिंग आणि पाइप बदलतो, रंग सगळ्यात शेवटी. झाकायच्या आधीचे फोटो गिऱ्हाइकाला स्वतःहून दाखवतो. विकायला वेळ लागतो, हे खरं.

माझी पद्धत सांगतो. कोटेशनमध्ये "सुचवलेलं पण मालकांनी नाकारलेलं काम" असा वेगळा रकाना ठेवतो आणि खाली सही घेतो. पहिल्यांदा मागितली तेव्हा एकाने कागद तसाच परत सरकवला. बरं झालं, तिथेच कळलं कुठे पाणी मुरतंय ते. टाइल लावण्याआधी पाइप, ढाळ, ट्रॅप यांचे फोटो टेप धरून काढतो.

ओळंबा:
थापी, रकाना चांगला आहे, पण सही करणारा तर घर विकून जातो. राहायला येणाऱ्याने कुठे सही केलीय? तो कागद तुमच्या फायलीत पडून त्याला काय उपयोग? काम घेतानाच ठरवा की याची प्रत घराच्या कागदांबरोबर पुढे जाईल. त्याला जो तयार नाही, त्याचं काम नको. आणि काही गोष्टी सही दिली तरी करायच्या नाहीत: अर्थिंग नसलेल्या जुन्या वायरला नवा बोर्ड लावणं, पाइप लपवायला बीम-कॉलम फोडणं, इंजिनिअरला न विचारता भिंत काढणं.

चावीवाला:
घरं दाखवायचं काम करतो. आम्हीही यात पोळलोय, कारण फोन पहिला आम्हालाच येतो. मी आता हातात नाणं ठेवतो. टाइलवर टकटक केली आणि पोकळ वाजली की गिऱ्हाइकासमोरच विचारतो, खाली काय केलंय? फॉल्स सीलिंग फक्त बाथरूममध्येच असेल तर त्यातली हॅच (झडप) उघडून दाखवा म्हणतो. अशा वेळी काम कोणी केलं तेही विचारलं जातं हं, तिरकीफरशी.

तिरकीफरशी:
जाऊन आलो. पाणी साठवलं, सकाळी खुणेपासून बोटभर उतरलेलं आणि खाली डाग ताटाएवढा. तळच गेलाय. दोन्ही फरश्या उखडतोय. मजुरी माझी, सामान घरमालकांचं, असं ठरलं. सुरुवातीला ते दारातच उभे राहून बोलत होते, पाण्याची खूण बघितल्यावर आत या म्हणाले.

पार्टीला रकान्याचा कागद आणि प्रतीची अट पाठवली. "एवढा वाकड्यात का शिरतोस?" असं उत्तर आलं, आणि ठरलेली दोन कामं दुसऱ्याला गेली. पुढचे दोन महिने हात आखडून काढावे लागतील. थापी, तुझ्याकडे जोडीला माणूस लागला तर सांग.

डक्ट उघडला होता. ओलीने स्टिकरचा एक कोपरा सुटलाय. तळ पक्का झाला की नवीन लावतो.