मदत हवी आहे: मुलतानी मातीचा साबण मधोमध फुटला, गेरूचा टॉवेलला लागला

उंबरा

नमस्कार मंडळी. साबणात माती घालणाऱ्यांनी वाचावं, आणि घालून पस्तावलेल्यांनी तर नक्कीच.

मी सोलापूरची. यंदा उन्हाळ्यात घरी साबण करायला शिकले. कोल्ड प्रोसेस, म्हणजे कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवून, निवू देऊन तेलात फेटायचा आणि साच्यात ओतायचा. साधे साबण दोन-तीनदा झकास जमले. मग हात शिवशिवायला लागले आणि माती घालायची दुर्बुद्धी सुचली.

पहिला घाणा असा: खोबरेल २०० ग्रॅम, करडईचं तेल २५० ग्रॅम (लाकडी घाण्याचं, आमच्याकडे सहज मिळतं), एरंडेल ५० ग्रॅम. कॉस्टिक ७३ ग्रॅम, पाणी १५० ग्रॅम. मिश्रण कढीइतकं दाट झालं तेव्हा चार मोठे चमचे मुलतानी माती कोरडीच वरून भुरभुरली. ब्लेंडर फिरवला आणि दोन मिनिटांत त्याचं पिठलं झालं. ओतता येईना, डावाने थापून थापून साच्यात भरलं. व्हिडिओतली बाई म्हणाली होती, टॉवेलमध्ये गुंडाळून उबेत ठेवा. म्हटलं टॉवेल कशाला, सोलापुरात राहतो आपण. कपाटातली जाडजूड चादर काढली आणि चांगली दुपेडी गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी उघडलं तर साचा अजून कोमट, साबण मध्ये फुगलेला आणि लांबीभर अशी भेग की करंगळी आत जावी. कापल्यावर आत फिकट गोळे.

दुसरा घाणा गेरूचा. तेलं तीच, गेरू दोन मोठे चमचे, कुंड्या रंगवायला आणलेलाच. रंग भाजलेल्या विटेसारखा सुरेख आला. पण फेस गुलाबी येतो, आणि यजमानांच्या पांढऱ्या टॉवेलवर पंजा उमटलाय. तो अजून निघालेला नाही, ते अजून बोलतायत.

आता दोन महिन्यांनी दोन्ही साबणांवर केशरी ठिपके आलेत, गेरूच्या जास्त. वास जुन्या तेलाच्या बुधलीसारखा. शिवाय धाकटीची कातडी या साबणाने ओढल्यासारखी होते. म्हणजे माती वाईट की मीच वाईट? आणि सासूबाई आषाढीला पंढरपूरहून गोपीचंदनाच्या वड्या घेऊन आल्यात, त्या घालू का? भाऊ तर म्हणतो, आपल्या रानातली काळी माती घाल, फुकट आहे.

भर_उन्हात

मे महिना. सोलापूर. चादर. दुपेडी.

ताई, आम्ही मे महिन्यात पांघरायला पंचासुद्धा घेत नाही ओ.

कॉस्टिककाकू

उंबरा, हसणाऱ्यांना हसू द्या. तुम्ही आकडे दिलेत म्हणून उत्तर देता येतंय. नाहीतर इथे "थोडं तेल, थोडा सोडा घातला, का फुटला?" असले प्रश्न येतात.

आधी कॉस्टिक तपासला. ग्रॅमभर तेलाला किती ग्रॅम कॉस्टिक लागतो ते असं: खोबरेलाला ०.१८३, करडईला ०.१३६, एरंडेलाला ०.१२८. बेरीज ७७ ग्रॅम होते. थोडं तेल मोकळं राहावं आणि कॉस्टिक उरू नये म्हणून त्यातून पाच टक्के कमी केला की ७३. तुमचा हिशेब चोख आहे. मातीसुद्धा वाईट नाही, पण तुम्ही ती पसाभर घातलीत. ५०० ग्रॅम तेलाला एक छोटा चमचा पुरतो, फार हौस असेल तर दोन, तीन म्हणजे डोक्यावरून पाणी. तुमचे चार मोठे म्हणजे बारा छोटे झाले.

आणि कोरडी घातलीत. मुलतानी माती भयंकर पाणी पिते. साबणातलं पाणी तिने ओढून घेतलं, म्हणून पिठलं झालं. ते आतले गोळे बहुतेक न भिजलेल्या मातीचेच. पुढच्या वेळी एका छोट्या चमच्याला एक मोठा चमचा पाणी घेऊन माती अर्धा तास आधी भिजवा, बोटाने गुठळ्या मोडा, दह्यासारखी झाली की मग घाला. हे पाणी एकूण पाण्यातून बाजूला काढलं तरी चालतं. फक्त कॉस्टिक विरघळवायला निदान त्याच्या वजनाइतकं पाणी उरलं पाहिजे, त्याखाली जाऊ नका.

आता चादर. तेल आणि कॉस्टिक एकत्र आले की मिश्रण स्वतःच तापतं. व्हिडिओतली बाई थंड देशातली असणार, तिच्या ओट्यावर पंधरा अंश असतील, म्हणून ती गुंडाळते. आपल्याकडे उलटं करायचं. उन्हाळ्यात पहाटे करा, कॉस्टिकचं पाणी आणि तेल दोन्ही पस्तीस अंशांच्या आसपास येऊ द्या आणि साचा उघडाच थंड फरशीवर ठेवा. आत उष्णता कोंडली, मधला भाग फुगला, वरचा पापुद्रा आधीच घट्ट झालेला, म्हणून तो फाटला.

फुटलेला साबण फेकू नका. महिना होऊन गेलाय ना? ओल्या बोटाने साबण चोळा आणि फेस जिभेच्या टोकाला किंचित लावून बघा. झिणझिणी आली तर मोकळा कॉस्टिक उरलाय, तो अंगाला नको. आतला फिकट गोळाही वेगळा तपासा. माती असेल तर नुसती कचकच लागेल.

जाता जाता, तो डाव आणि पातेलं स्टीलचं होतं ना? ॲल्युमिनियम कॉस्टिकमध्ये विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो. आणि कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकायचा, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही. दहा वेळा सांगितलंय, अकराव्यांदा सांगते.

मुरमाड

मी माती तपासणीच्या कामात आहे, साबणातलं कळत नाही. पण भावाच्या सल्ल्याबद्दल बोलणं भाग आहे.

मुलतानी माती आणि तुमच्या रानातली काळी माती लांबच्या नात्यातल्या आहेत. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं आणि मुलतानी मातीतही बहुधा हेच घराणं सापडतं. पत्र्यावर पत्रा रचावा तसे त्याचे थर असतात, मधल्या फटीत पाणी शिरलं की ते फुगतं, सुकलं की आकसतं. एप्रिलमध्ये तुमच्या रानात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. म्हणजे रानाला भेग पाडणारी वस्तू तुम्ही साबणात घातलीत, मग साबण तरी कसा सरळ वागेल! पांढरी केओलिन माती मात्र अशी फारशी फुगत नाही. नवशिक्याने तिच्यापासून सुरुवात करावी. सौंदर्यप्रसाधनांसाठीची म्हणून मिळते तीच घ्या. मूर्तीची शाडू गोरी दिसली तरी ती त्या कामाची नाही.

रानातली माती नकोच. त्यात फवारे, खतं, शेण आणि धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात. तव्यावर भाजली म्हणून ते मरतील अशी खात्री नाही.

आजीचा_बटवा

माझी आजी नदीकाठच्या काळ्या मातीने केस धुवायची, कमरेपर्यंत केस होते तिचे. सगळं शहरी थोतांड आहे.

मुरमाड

आजी मातीने केस धुवायची आणि लगेच नदीत बुडी मारायची. त्या मातीचा गोळा न्हाणीघरात चार महिने ओला पडलेला नसायचा. आणि तेव्हा त्या काठावर किती फवारे होत होते?

आजीचा_बटवा

बुडी मारायची हे खरं.

कॉस्टिककाकू

ठिपक्यांचं राहिलं होतं. तो गुन्हा मातीचा नाही, करडईचा आहे. नेहमीच्या करडई तेलात लिनोलेइक आम्ल जवळपास तीन चतुर्थांश असतं, आणि हे आम्ल हवा लागली की लवकर खवट होतं. तुम्ही निम्मं तेल तेच घातलंत, त्यात पाच टक्के तेल मोकळं ठेवलंत, आणि वर सोलापूरची हवा. गेरू म्हणजे लोखंडाचाच गंज, आणि लोखंडाचे अंश खवटपणाला हातभार लावतात. म्हणून तिथे ठिपके जास्त आले असावेत. पाणी बोअरचं वापरलं होतंत का? जड पाण्यानेही बिघडतं. कॉस्टिकसाठी डिस्टिल्ड पाणी घ्या.

करडईचं तेल शेंगाचटणीवर घ्या, तिथे त्याचा जन्म सार्थकी लागतो. साबणात दहा टक्क्यांवर नको. ठिपक्यांच्या वड्या अंगाला लावू नका, पायपुसणी धुवायला काढा.

गेरू घालायचाच तर ५०० ग्रॅमला अर्धा छोटा चमचा, तोही रंगाच्या दुकानातला नाही. कुंड्यांच्या गेरूत दुसरं काय मिसळलंय ते दुकानदारालाही ठाऊक नसतं. गोपीचंदनाचंही तेच म्हणेन. मूळ गोपीचंदन द्वारकेकडच्या गोपी तलावाची पिवळी माती म्हणतात. बाजारातल्या वडीत रंग आणि अत्तर किती, ते तिच्यावर लिहिलेलं नसतं. कपाळावरचा टिळा वेगळा आणि सगळ्या अंगाला रोज चोळणं वेगळं. सासूबाईंच्या वड्या देवघरातच बऱ्या. घरातही शांतता राहील.

पारिजात_७

मुलीबद्दल दोन शब्द. घरचा साबण कितीही प्रेमाने केला तरी त्याचा पीएच (आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, सातच्या वर अल्कली) नऊ-दहाच्या घरात असतो, कातडीचा पाचच्या आसपास. माती घातल्याने तो खाली येत नाही. उलट मुलतानी माती तेल शोषते, ती तेलकट चेहऱ्यांसाठी, लहान मुलांच्या कोरड्या अंगासाठी नाही. शिवाय तुमच्या कृतीत खोबरेल चाळीस टक्के आहे, त्यानेही कातडी ओढते. तिला सध्या हा साबण बंद करा. चट्टे किंवा खाज असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

तुम्हाला स्वतःला माती हवी असेल तर लेप करा. साबण दोन मिनिटांत धुतला जातो, माती काम करणार कधी? चमचाभर माती, पाणी किंवा गुलाबजल, लागेल तेवढाच कालवायचा. उरलेला फ्रीजमध्ये ठेवायचा नाही, ओल्या मातीत बुरशी-जंतू वाढतात. आणि चेहरा तडतडेपर्यंत वाळू द्यायचा नाही, कडा फिकट व्हायला लागल्या की धुवून टाका. आम्ही मुली असताना लेप तडकेपर्यंत न हसता बसायच्या पैजा लावायचो. चुकीचं होतं ते.

भर_उन्हात

काकू, आमची ही गणपतीत स्टॉल लावून असले साबण विकायचं म्हणतेय. काही लागतं का?

कॉस्टिककाकू

लागतं. साबण सौंदर्यप्रसाधनांत मोडतो, विकण्यासाठी बनवायचा तर कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे उत्पादनाचा परवाना काढावा लागतो. भेट द्यायला हरकत नाही. त्यावर वेगळा धागा काढा, हा उंबराचा आहे.

उंबरा

सगळ्यांचे आभार. हिशेब देते.

जिभेची परीक्षा झाली. भेगेचा साबण पास, आतले गोळे मातीचेच निघाले. डाव स्टीलचा होता. पाणी बोअरचंच होतं, काकू, तुम्हाला कसं कळलं? ठिपक्यांच्या वड्या न्हाणीत पायपुसणी धुवायला ठेवल्यात. मुलीचा साबण बंद केला.

रविवारी नवा घाणा केला. खोबरेल १५०, पामतेल २५०, करडई ५०, एरंडेल ५०. हिशेब ७६ ग्रॅमचा आला, पाच टक्के सोडून कॉस्टिक ७२ घेतला. पाणी डिस्टिल्ड. मुलतानी माती दीड छोटा चमचा, अर्धा तास भिजवून. पहाटे साडेपाचला केलं, साचा देवघराशेजारच्या शहाबादी फरशीवर ठेवला. सासूबाई चादर घेऊन आल्या होत्या, "उघडा कशाला ठेवतेस गं?" म्हणाल्या. परत पाठवली.

भेग नाही! रंग दुधाळ चहासारखा, कापताना सुरी लोण्यातून गेल्यासारखी गेली. पण आज सकाळी वरच्या बाजूला पांढरी भुकटी दिसतेय, पिठी भुरभुरल्यासारखी. हे काय नवीन?

कॉस्टिककाकू

सोडा ॲश. मोकळा कॉस्टिक आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांचं लेकरू. अपाय नाही. महिनाभराने साबण वाळला की ओल्या फडक्याने पुसून घ्या. पुढच्या वेळी ओतल्याबरोबर साच्यावर प्लास्टिकचा कागद अंथरा.

कागद म्हणाले. चादर नाही.