मदत हवी आहे: कमी खर्चात हलकी हार्डटेल जोडायची आहे, फ्रेमपाशी अडलोय

नमस्कार मंडळी,

सुटे भाग घेऊन २९ इंची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन सायकल) जोडायची ठरवली आहे. बाकीचं बरंच ठरलंय, फक्त फ्रेम ठरत नाही. आणि फ्रेम ठरेपर्यंत दुसरं काहीच घेता येत नाही, कारण हब (चाकाचा मधला भाग), फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), हेडसेट (फोर्क वळवणारी बेअरिंग) सगळं तिच्यावर अवलंबून. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

वापर असा: कच्चे रस्ते, मुरमाड चढ, झाडीतल्या अरुंद पायवाटा, मधेच मुळं आणि सुटे दगड. उड्या मारायच्या नाहीत. लांब चढ चढायला मला मनापासून आवडतात आणि वजन कमी करायचं कारण तेच. माझं स्वतःचं वजन ७८ किलो.

सध्याची सायकल १४ किलोच्या वर आहे. सगळी सुटी करून काट्यावर ठेवली. कॉइल स्प्रिंगचा फोर्क २.६ किलो, टायर-ट्यूब-कॅसेट-डिस्क काढून नुसती चाकं २.४ किलो, तारेच्या कडेचे टायर प्रत्येकी ८५० ग्रॅम, ट्यूब प्रत्येकी २०० ग्रॅम, फ्रेम २.२ किलो. पुढे तीन चकत्यांचा जाडजूड क्रँक आहेच. याच फ्रेमवर खर्च करत राहावं असं वाटत नाही. हेडट्यूब (फ्रेमची पुढची नळी, जिच्यात फोर्क बसतो) जुन्या सरळ मापाची आहे, त्यात आजचा चांगला फोर्क जात नाही. सॅडल, पेडल आणि हायड्रॉलिक ब्रेक मात्र चांगले आहेत, ते नव्या सायकलवर नेणार.

पेडलसकट साडेअकरा किलोच्या आत यायचं आहे. कार्बन फ्रेम नको. वापरलेल्या कार्बनच्या आतली चीर मला बाहेरून ओळखता येणार नाही, आणि नवीन परवडत नाही. कागदावरचा हिशोब सांगतो: फ्रेम १.७५ किलो, एअर फोर्क १.७, चाकं १.८५, दोन फोल्डिंग टायर मिळून १.३, सीलंट-टेप-व्हॉल्व्ह पाव किलो, क्रँक आणि बॉटम ब्रॅकेट (क्रँकची बेअरिंग) ८०० ग्रॅम, कॅसेट ५००, चेन २६०, डिरेलर-शिफ्टर-केबल ४६०, ब्रेक डिस्कसकट ८००, हँडलबार आणि स्टेम ४२०, सीटपोस्ट आणि सॅडल ५४०, पेडल ३८०, ग्रिप-हेडसेट-अ‍ॅक्सल वगैरे किरकोळ ३३०. बेरीज ११.३५ च्या आसपास जाते. म्हणजे जमण्यासारखं आहे, पण हात फार सैल सोडता येणार नाही.

आता फ्रेम. समोर दोन आहेत.

पहिली वापरलेली, अ‍ॅल्युमिनियम, क्रॉस-कंट्रीसाठी बनवलेली, १.६ किलो. मागे १३५ मिमी क्विक रिलीज (खटक्याने आवळायचा बारीक अ‍ॅक्सल), हेडट्यूब ४४ मिमीची, बॉटम ब्रॅकेट ७३ मिमी आट्यांचा, सीटपोस्ट २७.२. शंभर मिमी ट्रॅव्हलच्या (म्हणजे तेवढा दबणाऱ्या) फोर्कसाठी आखलेली.

दुसरी नवी कोरी, तीही अ‍ॅल्युमिनियम, १.९५ किलो. मागे बूस्ट (रुंद हबचं नवं माप) १४८ गुणिले १२ थ्रू-अ‍ॅक्सल (फ्रेमच्या आरपार जाणारा जाड अ‍ॅक्सल), हेडट्यूब टेपर्ड (खाली रुंद होत जाणारी), डिरेलर हँगर (डिरेलर जिथे लागतो तो बदलता येणारा तुकडा) यूडीएच या सामायिक मापाचा, फोर्क १२० मिमी. किंमत पहिलीच्या जवळजवळ दुप्पट. ती घेतली तर तेवढे पैसे चाकांतून कापावे लागतील.

गिअरचं गणित मी असं मांडलंय. आत्ता सगळ्यात हलका गिअर पुढे २२, मागे ३४, म्हणजे गुणोत्तर ०.६५. पुढे एकच ३० दात्यांची चकती आणि मागे ११-४६ कॅसेट घेतली तरी ३० भागिले ४६ म्हणजे ०.६५ च. चढावर काहीच गमावत नाही आणि पुढचा डिरेलर, त्याचा शिफ्टर, केबल, दोन चकत्या एवढं सगळं जातं. सपाटीवर वरचा गिअर ३.८ वरून २.७ वर येईल, ते मला चालेल.

प्रश्न तीन. पहिल्या फ्रेमवर आजचा फोर्क आणि हब नीट बसवता येतील का, की जुन्या मापांत अडकून पडेन? पैसे आधी फोर्कमध्ये घालू की चाकांत? आणि अकरा स्पीडवर थांबू की बारा स्पीडला जाऊ?

प्रतिसाद १

तुमचा हिशोब नीट आहे. मी पहिली फ्रेम घेईन, पण हातात घेऊन तपासल्याशिवाय नाही.

सीटपोस्ट बाहेर येतो का ते सगळ्यात आधी बघा. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये सीटपोस्ट वर्षानुवर्षं ग्रीसशिवाय राहिला तर असा धरतो की फ्रेम कापायची वेळ येते. मग ओल्या फडक्याने फ्रेम पुसून बॅटरीचा उजेड तिरपा पाडा आणि सीटट्यूब-टॉपट्यूबचा जोड, हेडट्यूबच्या खालचा वेल्ड आणि मागचे ड्रॉपआउट (चाक बसतं त्या खाचा) बघा. रंगातला ओरखडा मधेच संपतो, वेडावाकडा असतो. चीर वेल्डच्या कडेकडेने एका रेषेत जाते, आणि पुसल्यावरही तिच्यात काळी रेघ राहते. शंका आली तर सोडून द्या, घासाघीस करू नका.

४४ मिमी हेडट्यूब ही खरं तर चांगली बातमी आहे. वरचा कप आतला आणि खालचा बाहेरचा असा हेडसेट घेतला की टेपर्ड फोर्क बसतो. बाहेरच्या कपामुळे पुढचा भाग १०-१२ मिमी उचलला जातो आणि हेड अँगल (हेडट्यूबचा जमिनीशी कोन) साधारण अर्ध्या अंशाने सैल, म्हणजे कमी, होतो. स्टेमखालचा एक स्पेसर काढा, उंची जागेवर येईल. पण मग फोर्क १०० मिमीचाच घ्या. फोर्क २० मिमीने लांबला की अँगल आणखी एका अंशाने सैल होतो, बॉटम ब्रॅकेट वर जातो, आणि चढावर पुढचं चाक भरकटायला लागतं. तुम्हाला चढच आवडतात, तेव्हा हे पाळाच.

नवे फोर्क आता बहुतेक ११० गुणिले १५ बूस्टचेच येतात. म्हणून फोर्क आधी घ्या आणि पुढचं चाक त्याच्या मापाचं बांधा. मागच्यासाठी एंड कॅप बदलून १३५ क्विक रिलीज आणि १४२ थ्रू-अ‍ॅक्सल दोन्हीवर चालणारा हब घ्या. उद्या १४२ ची फ्रेम मिळाली तर चाक वाया जाणार नाही. बूस्टवर मात्र ते सरळ जाणार नाही, हे मनाशी धरून ठेवा.

वापरलेला फोर्क बघत असाल तर स्टिअरर ट्यूबची (हेडट्यूबमधून वर जाणाऱ्या फोर्कच्या नळीची) लांबी मोजूनच बोलणी करा. हेडट्यूब, हेडसेटचे दोन्ही कप, स्पेसर आणि स्टेमची उंची, एवढी बेरीज तिथे मिळायलाच हवी. आखूड कापलेला फोर्क कितीही स्वस्त असला तरी तुमच्या कामाचा नाही. स्टँचिअनवरून (फोर्कच्या वरच्या गुळगुळीत नळ्यांवरून) नख फिरवा. नख कुठे अडकलं तर तिथून सील खराब होणार. आणि खालच्या पायांतलं तेल दर ५० तासांनी बदलायचं असतं. ते शेवटचं कधी बदललं, हा प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारा.

पैशांचा क्रम: टायर, मग फोर्क, मग चाकं. ८५० चे टायर काढून ६५० चे घातले आणि ट्यूब काढून सीलंट भरलं की दोन्ही चाकांचे मिळून अर्ध्या किलोहून जास्त जातात, आणि एवढ्या कमी पैशांत एवढं वजन दुसऱ्या कुठल्याच भागात उतरत नाही. ट्यूबलेसमध्ये ग्रॅमपेक्षाही हवा कमी ठेवता येते हा फायदा मोठा. मुळांवर टायर उसळत नाही, धरून राहतो. चाकाच्या कडेचं वजन दुप्पट मोजायचं असं म्हणतात, ते वेग घेताना खरं आहे. एका लयीत लांब चढ चढताना कडेचा ग्रॅम आणि फ्रेमचा ग्रॅम सारखाच. म्हणून तुमच्या वापराला फोर्कमधले ९०० ग्रॅम चाकांतल्या साडेपाचशेपेक्षा आधी.

अकरा स्पीडवर थांबा. ११ पासून सुरू होणारी कॅसेट साध्या एचजी फ्रीहबवर (हबचा कॅसेट बसणारा भाग, शिमानोचं जुनं प्रचलित माप) बसते. शिमानोच्या १०-५१ बारा स्पीडला मायक्रोस्प्लाइन या वेगळ्या मापाची फ्रीहब बॉडी लागते, म्हणजे हबची निवड लगेच आक्रसते. फक्त एक बघा: हलक्या हबची फ्रीहब बॉडी अ‍ॅल्युमिनियमची असते आणि सुट्या चकत्यांची कॅसेट जोर लागला की तिच्यात खाचा पाडते. मोठ्या चकत्या एका स्पायडरवर बसवलेल्या असतील अशीच कॅसेट घ्या.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी बराचसा सहमत, पण हँगरचा मुद्दा राहिला. जुन्या फ्रेमचा डिरेलर हँगर आजही मिळतो का? दगडावर सायकल उजव्या अंगावर पडली की वाकतो तो हँगर. तो मिळाला नाही तर १.६ किलोची फ्रेम भिंतीला टेकून उभी राहील. यूडीएच २०१९ मध्ये स्रॅमने आणला तोच यासाठी, की अनेक कंपन्यांच्या फ्रेमना एकच हँगर चालावा. पाच-सात वर्षं हीच सायकल चालवणार असाल तर दुसरीचे जादा ३५० ग्रॅम मी खुशीने वाहीन. सायकलस्वार आणि सायकल मिळून ९० किलोत ३५० ग्रॅम म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. तासाभराच्या चढाला फार तर पंधरा सेकंद. आणि थ्रू-अ‍ॅक्सलमुळे चाक दर वेळी नेमकं त्याच जागी बसतं, डिस्क घासत नाही. याची सवय झाली की मागे जाववत नाही.

प्रतिसाद ३

रिजिड कार्बन फोर्कचा विचार केलात का? ७०० ग्रॅमच्या आसपास मिळतो, म्हणजे आणखी एक किलो खाली. देखभाल शून्य. फक्त सस्पेन्शनच्या मापाने लांब केलेला घ्या. शंभर मिमीच्या २९ इंची फोर्कची अ‍ॅक्सल ते क्राउन लांबी (अ‍ॅक्सलपासून फोर्कच्या वरच्या जोडापर्यंत) ५०६ मिमीच्या जवळपास असते. स्वार बसल्यावर तो दबतो, म्हणून रिजिड ४८० ते ४९० मधला शोधा. मुळं आणि सुटे दगड रोजचे असतील तर मात्र उतारावर मनगटं दुखतील, हेही सांगून ठेवतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या बारकाईने कोणी उत्तर देईल असं वाटलं नव्हतं.

पहिली फ्रेम पाहून आलो. सीटपोस्ट हाताने सहज निघाला, आत ग्रीस होतं. वेल्ड स्वच्छ आहेत. डाव्या चेनस्टेवर केबल घासल्याची खूण आहे, पण नखाला लागत नाही. हँगरचा मुद्दा पटला, म्हणून पैसे देण्याआधी त्याच आकाराचे दोन हँगर मिळवले. ते फ्रेमला लावून स्क्रूची भोकं जुळतात याची खात्री केली आणि मगच फ्रेम घेतली. दुसरी फ्रेम चांगलीच होती, पण तिच्यासाठी चाकं साधी घ्यावी लागली असती आणि ते मनाला पटेना.

रिजिड फोर्क मोहात पाडणारा आहे, पण माझ्या वाटेवर मुळं खूप आहेत. शंभर मिमीचा एअर फोर्कच घेतोय, टेपर्ड, ११० गुणिले १५.

आता चाकांचा एक प्रश्न. रिम २५ मिमी आतल्या रुंदीचे, साधारण ४५० ग्रॅमचे ठरवलेत. स्पोक २८ की ३२? आणि निपल (स्पोक रिमला आवळणारे नट) अ‍ॅल्युमिनियमचे घेऊ का? स्पोक मी स्वतः ओवणार आहे. शेवटचा आउट (चाकाचा वाकडेपणा) काढायला आणि ताण तपासायला अनुभवी मिस्त्रीकडे देईन.

प्रतिसाद १

छान, हँगर आधी मिळवलेत हे फारच बरं केलंत.

३२ घ्या. २८ ने दोन्ही चाकांत मिळून आठ स्पोक आणि आठ निपल वाचतात, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. ७८ किलोचा माणूस आणि दगडाची वाट असताना एक स्पोक तुटला तर ३२ चं चाक घरापर्यंत आणतं. वजन वाचवायचंच असेल तर सरळ २ मिमी स्पोकऐवजी मधे १.८ मिमी होणारे बटेड स्पोक घ्या. तेवढेच ग्रॅम वाचतात आणि चाक उलट जास्त टिकतं, कारण ताण वाकापाशी साठत नाही, मधला बारीक भाग थोडा ताणला जातो.

निपल पितळेचेच. अ‍ॅल्युमिनियमने ६४ निपलांत ४० ग्रॅमच्या आसपास वाचतील, पण टेपमधून सीलंट झिरपलं की ते आतून गंजतात, आणि नेमकं चाक सरळ करायच्या वेळी फिरत नाहीत, तुटतात.

स्पोक मागवण्याआधी रिमचा ईआरडी (स्पोकची लांबी काढायला लागणारा रिमचा व्यास) स्वतः मोजा, छापील आकड्यावर जाऊ नका. लांबी माहीत असलेले दोन जुने स्पोक घ्या, निपल समोरासमोरच्या भोकांतून आत घाला, स्पोकचं टोक निपलच्या खाचेच्या तळाशी येईपर्यंत फिरवा आणि मग दोन्ही स्पोक ताणून मधलं अंतर मोजा. दोन स्पोकच्या लांब्या आणि ते अंतर यांची बेरीज म्हणजे ईआरडी. रिमवर तीन-चार जागी मोजून सरासरी काढा. ईआरडीत ३ मिमीची चूक झाली तर स्पोकच्या लांबीत दीड मिमीची होते, आणि तेवढ्याने निपलचे आटे पुरत नाहीत. पुढच्या आणि मागच्या हबसाठी, डावी-उजवी धरून, चार वेगळ्या लांब्या निघतील. आकडे आले की इथे टाका, मागवण्याआधी एकदा पडताळून देतो.