‘मळलेली वाट’ म्हणजे मळकी वाट का?

प्रश्न:
डिसेंबरात आम्ही तिघांनी राजगड–तोरणा–रायगड अशी चाल केली. चार दिवस, पाठीवर सॅक, शिधा सोबत. तोरणा मागे पडल्यावर वाटेत क्वचितच कुणी भेटलं. मोहरी गावात एका आजोबांना पुढची वाट विचारली, तर म्हणाले, "मळल्याली वाट सोडू नगा. मोडल्याल्या वाटंला शिरलात तर कारवीत अडकाल. आन् नाळंत घसारा हाय, बेतानं उतरा." मी शहरात वाढले, मला ‘मळलेली’ म्हणजे मळकीच वाटत आलेली. आणि मोहरीनंतर जिथून खाली उतरतात त्या ‘बोराट्याची नाळ’ या नावातल्या नाळेचा बाळाच्या नाळेशी किंवा घोड्याच्या नालेशी काही संबंध आहे का?

उत्तर:
ताई, मराठीत ‘मळणे’ दोन आहेत. कपडे मळतात ते ‘मळ’ या नामावरून. वाट मळते ती कणीक मळण्यातल्या ‘मळणे’वरून, म्हणजे दाबणे, तुडवणे. ‘मळणी’ हा शब्द त्याच घरातला. माझ्या लहानपणी खळ्यावर तिवड्याभोवती, म्हणजे मधल्या खांबाभोवती, बैल फिरायचे, कणसं खुरांखाली तुडवली जायची आणि दाणा सुटायचा. रोज गुरं आणि माणसं गेली की वाटेचंही तसंच होतं. गवत झिजतं, माती घट्ट होते आणि उन्हात ती पांढुरकी चमकते. लांबून डोंगरावर एक फिकट रेघ दिसते ना, ती मळलेली वाट.

तिच्या उलट ‘मोडलेली’. तिथे तुटलेलं काहीच नसतं, फक्त जाणं-येणं थांबलेलं असतं. वरंधा घाटातून गाडीरस्ता झाला, कोकणात उतरायला एसटी मिळू लागली, मग डोक्यावर ओझं घेऊन कोण उतरणार? दोन-चार पावसाळ्यांत कारवी आणि करवंदीची जाळी वाट गिळून टाकतात. ‘वहिवाट’ या कचेरीतल्या शब्दातही वाहती वाटच आहे, हे ध्यानात घ्या.

दुसरं उत्तर:
घोड्याचा ‘नाल’ अरबीतून आलेला, तो वेगळा. तुमची ‘नाळ’ मात्र बाळाच्या नाळेचीच सख्खी. नळ, नळी, कमळाचा नाल हे सगळं एकच कुटुंब, मूळ अर्थ पोकळ दांडा. दोन डोंगरधारांच्या बेचक्यातून घाटमाथ्यावरचं पाणी जिथून खाली कोसळतं ती घळ म्हणजे नाळ. म्हणून तिच्यात पाण्याने आणलेले धोंडे असतात आणि त्यांच्या फटींत घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी सुटी माती-खडी. पावसाळ्यात ती पाण्याची, माणसाची नव्हे.

‘सोंड’ याच्या नेमकी उलट. ती बाहेर आलेली धार, हत्तीच्या सोंडेसारखी खाली उतरणारी. सोंडेवर वारा आणि उजेड, पण पाणी नाही. गावकरी ‘नाळेनं जा’ किंवा ‘सोंडेनं जा’ म्हणतात, तेव्हा बाटल्या किती भरायच्या हेही सांगून टाकतात. सरसकट ‘ट्रेल’ म्हटलं की ही माहिती गळते, आणि ते माझ्या मनाला खरंच लागतं. हे शब्द आपण सोडू नयेत.

तिसरं उत्तर:
‘पदर’ राहिला. कड्याच्या मध्यावर आडवी पसरलेली सपाटी, बहुतेक दाट झाडीची. भीमाशंकरच्या खाली पदरगड आहे, नावातच जागा सांगितलेली. नाळ उतरून पदरात आलात की पाय थरथरायचे थांबतात.

प्रश्नकर्ती:
आता उलगडलं! दुसऱ्या दिवशी एका फाट्यावर आम्ही थबकलो होतो. डावीकडची वाट रुंद दिसत होती, पण तिच्यावर सुकं गवत आडवं झालेलं. उजवीकडची जेमतेम पाऊलभर, मात्र तिच्यावर वाळलेलं शेण आणि खुरांचे ठसे. आम्ही डावी धरली आणि अर्ध्या तासाने कारवीतून कसेबसे परत आलो. आजोबांनी मोहरीतच सांगून ठेवलं होतं.