मदत हवी आहे : मनगटावर टूरबियॉनचा खरा उपयोग किती?

नमस्कार मंडळी, यांत्रिक घड्याळांच्या जाणकारांना विचारायचं आहे.

घड्याळकार अब्राहम-लुई ब्रेगे यांनी १८०१ साली पॅरिसमध्ये टूरबियॉनचं, म्हणजे घड्याळातल्या फिरत्या पिंजऱ्याच्या यंत्रणेचं, पेटंट मिळवलं. तेव्हाचं घड्याळ दिवसभर खिशात उभं असायचं. घड्याळाचा ठेका धरणाऱ्या बॅलन्स चाकाचा तोल जरासा जरी एका बाजूला असला, तरी गुरुत्वाकर्षणामुळे चाल पुढे-मागे व्हायची. ब्रेगेंनी बॅलन्स आणि एस्केपमेंट (चाकांना ठेक्याठेक्याने पुढे सोडणारी यंत्रणा) फिरत्या पिंजऱ्यात बसवले. पिंजरा बहुधा मिनिटाला एक फेरी घेतो आणि उभ्या स्थितीतल्या चुका एकमेकींना खोडून काढतात. किती देखणा विचार आहे हा!

पण मनगट तर सतत हलतं. तरीही १९८६ मध्ये ओदमार पिगे या स्विस कंपनीने ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने चावी भरणारं) मनगटी टूरबियॉन आणलं आणि आज डायलला खिडकी पाडून ते मुद्दाम दाखवतात. मला तर तो पिंजरा तासन्‌तास बघायला आवडेल. पण अचूकतेत मोजण्याजोगा फरक पडतो का? टायमिंग मशीनवर (घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर) वेगवेगळ्या स्थितींत घेतलेले आकडे कुणाकडे असतील तर कृपया द्या.

शिवाय, १९२० मध्ये जर्मनीतल्या ग्लासह्युटेच्या घड्याळकार आल्फ्रेड हेलविग यांनी वरचा पूल (पिंजऱ्याला वरून धरणारी पट्टी) काढून पिंजरा फक्त खालून पेलला. अशा फ्लाइंग टूरबियॉनची सर्व्हिसिंग जास्त अवघड असते का? प्रत्यक्ष काम केलेल्या कारागिरांनी जरूर लिहावं.